बिल दिलं, पुढे काय? (स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्यांसाठी धागा)

पानजुळणी | १७ सप्टेंबर २०२५, रात्री ११:४८

नमस्कार. गेली अकरा वर्षं मी घरून अक्षरजुळणी, मांडणी आणि मुद्रितशोधन करते. पुण्यात, सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत. त्याआधी सहा वर्षं अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात डीटीपीला होते. मुलगी झाली, पाळणाघराचा मेळ बसेना, म्हणून २०१४ साली नोकरी सोडली आणि सेकंडहँड संगणक घेऊन घरीच काम सुरू केलं.

सध्या पितृपक्ष चालू आहे, सोमवारी घट बसतील. टेबलावर दोन दिवाळी अंक आहेत. गुरुपौर्णिमेपासून घटस्थापनेपर्यंत आमच्या धंद्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत शुकशुकाट. पहिली दोन वर्षं त्या शुकशुकाटाची धास्ती वाटायची, आता वाटत नाही. त्या दिवसांत मी घराची कामं काढते, जुन्या फायली लावते, लेकीबरोबर दुपारी झोपतेसुद्धा.

या कामानं मला पुष्कळ दिलंय. २०१९ मध्ये वडील वाईला शेवटचे तीन महिने अंथरुणावर होते. लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या खाटेशेजारी बसून एक अख्खी कादंबरी जुळवली. नोकरीत असते तर आठ दिवसांच्या वर रजा मिळाली नसती. आणि लेखकानंतर पुस्तक पहिल्यांदा वाचणारी बहुतेकदा मीच असते, त्याचं सुख तर कुठल्याच बिलात मावत नाही.

पण ज्यासाठी धागा काढला ते सांगते. गेल्या वर्षी एका प्रकाशकांचं जुनं पुस्तक नव्या आवृत्तीसाठी आलं. मजकूर वीस वर्षांपूर्वीच्या फॉन्टमधला, तो युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणायचा होता. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे, रूपांतर करणारी सोय असते, पण रफार आणि पहिली वेलांटी जागेवर राहत नाही. ‘कार्यकर्ता’चं ‘कायर्कतार्’ होतं, ‘सूर्य’चा ‘सूयर्’ होतो, ‘स्थिती’ची वेलांटी सुटून भलतीकडेच जाऊन बसते. शोधा-बदला करून निम्मं सुधारतं, उरलेलं डोळ्यांनीच. ४८० पानं मी ओळ ओळ दोनदा वाचली. पानाला जुळणी-मांडणीचे ५० आणि वाचनाचे ३०, असे ३८,४०० रुपये झाले. १२ जानेवारीला फाइल आणि बिल दोन्ही दिलं.

फेब्रुवारीत प्रकाशन समारंभ झाला. मला आवर्जून बोलावलं, तिसऱ्या रांगेत बसवलं, लेखकानं सही करून एक प्रत दिली. व्यासपीठावरून माझं नावही घेतलं, मला फार बरं वाटलं. पैसे आजपर्यंत आलेले नाहीत. आठ महिने झाले.

आणि खरं सांगायचं तर मी नीट मागितलेलेही नाहीत. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा ‘पुस्तक कसं चाललंय’ विचारून ठेवून दिला. ओळखीतली माणसं, चांगली माणसं, जीभच रेटत नाही.

माझे वडील कंपोझिटर होते. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. समोरच्या केसमध्ये, अक्षरांच्या खणांत, न बघता हात जायचा आणि बरोबर हवं ते अक्षर उचलून स्टिकमध्ये लावायचा. त्यांना शनिवारी संध्याकाळी पगार मिळायचा. दर शनिवारी, न मागता. शनिवारी रात्री आमच्याकडे भजी असायची. त्यांच्यापेक्षा मी जास्त शिकले, जास्त कमावते, पण माझा शनिवार कधी येईल ते मला ठाऊक नसतं.

तुम्ही पैसे कसे मागता? नाती न तोडता कसे मागता? फोटोग्राफर, भाषांतरकार, चित्रकार, सॉफ्टवेअरवाले, जे कुणी स्वतंत्र काम करतात त्यांनी लिहावं.

---

उंबरठा | १८ सप्टेंबर, सकाळी ७:१२

शेवटचा परिच्छेद वाचून गलबलून आलं. मी शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, नाशिकला असते. ‘घरीच असतेस ना, मग जरा बँकेत जाऊन ये’ हे वाक्य दिवसातून दोनदा ऐकते. सोसायटीतली सगळी कुरिअरं माझ्याकडे येतात. पैशांबद्दल मीही तुमच्यासारखीच. वाचतेय, बाकीच्यांनी लिहा.

---

पंचगंगा_काठ | १८ सप्टेंबर, दुपारी १:३०

पानजुळणी ताई, मी कोल्हापूरचा, लग्नाची फोटोग्राफी करतो, पंधरा वर्षं झाली. आमच्याकडं एक शब्द आहे, इसार, म्हणजे काम ठरतानाच आगाऊ घ्यायचे पैसे. तुमच्या सगळ्या त्रासाचं औषध त्यातच आहे असं माझं प्रामाणिक मत.

मांडववाला इसार घेतल्याशिवाय बांबू रोवत नाही. आचारी इसार घेतल्याशिवाय तारीख लिहीत नाही. बँडवाला, घोडेवाला, सगळे घेतात आणि लग्नघरातल्या कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. मग फोटोवाल्यानंच का लाजायचं? मी पहिली चार वर्षं लाजलो. अल्बम देऊन यायचो आणि मग पैशासाठी हेलपाटे. एकदा मुलीच्या बारशाचा फोटो काढायला त्याच घरी गेलो तेव्हा लग्नाचे पैसे बाकी होते.

आता तीन हप्ते. तारीख धरताना एक, हळदीच्या दिवशी सकाळी दुसरा, आणि अल्बम हातात देताना उरलेले. अल्बम बाकी मिळाल्याशिवाय दुकानाबाहेर पडत नाही. हे पहिल्याच भेटीत, चहा पिता पिता सांगतो. एवढ्या वर्षांत यावरून उठून गेलेली गिऱ्हाईकं फार तर पाच-सहा असतील. ती गेली ते बरंच झालं म्हणायचं, पुढं जाऊन तीच बुडवणारी होती.

चढउताराचं म्हणाल तर आमचं सगळं पंचांगावर. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतं ते आषाढी एकादशीपर्यंत. चातुर्मासात बारसं, वाढदिवस, दुकानाचं उद्घाटन एवढंच. पण ते ठरलेलं असतं, माणूस तयारीत असतो. २०२० ला तसं नव्हतं. एप्रिल आणि मे मिळून माझ्याकडं एकोणीस तारखा धरलेल्या होत्या. एकही झाली नाही. इसार परत मागायला लोक आले, त्यांचंही चुकलं नव्हतं. निम्म्यांना परत दिला, निम्म्यांनी तारीख पुढं ढकलली. एक लेन्स विकली, जी घ्यायला मला तीन हंगाम लागले होते. तेव्हापासून एक नियम पाळतो, पुढच्या तारखेचा इसार वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि काम होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तो पैसा आपला नसतो, लग्नघराचा असतो.

---

आकडेमोड | १८ सप्टेंबर, रात्री १०:०५

मी सीए आहे. रिटर्न भरायची मुदत परवाच संपली म्हणून आज जरा निवांत लिहितोय.

पानजुळणी, तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? बहुतेक नसेल, कारण हे फक्त कारखान्यांसाठी असतं असा समज आहे. सेवा देणारी एकटी व्यक्तीसुद्धा सूक्ष्म उद्योगात बसते. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी ऑनलाइन आहे, आधार आणि पॅनवर होते आणि पूर्ण मोफत आहे. पैसे घेणाऱ्या दिसायला सरकारी वाटणाऱ्या वेबसाइटी आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

त्याचा उपयोग असा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यात उशिरा पैसे देणाऱ्यांसाठी कलमं आहेत. लेखी करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. करार असेल तरी त्यातली मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. त्यापुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. काम मिळाल्यावर १५ दिवसांत गिऱ्हाइकानं लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारलं असंच धरतात. म्हणजे आठ महिन्यांनी ‘त्यात चुका होत्या’ असं कुणी म्हणू लागलं तर ते टिकायला कठीण. तक्रार सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते, ती असे थकीत बिलांचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेकडे जाते.

दुसरं, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलंय. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल या मुदतीत दिलं नाही, तर ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी गिऱ्हाइकाच्या कराच्या हिशेबात तो खर्च धरला जातो. त्यामुळे मार्च जवळ आला की गिऱ्हाइकाचा सीएच त्याच्या मागे लागतो की ही बिलं भागवा. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. तेवढ्यानंही पुष्कळदा काम होतं.

तुमच्या जुन्या बिलाला मात्र हा मार्ग धरताना अडचण येईल, कारण काम दिलं तेव्हा नोंदणी नव्हती. म्हणून ज्यांनी अजून केली नाही त्यांनी पुढचं काम घेण्याआधी करून टाका. जुन्या बाकीसाठी दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षांची असते, घाबरून जाऊ नका.

---

उंबरठा | १८ सप्टेंबर, रात्री १०:४०

आकडेमोड, एक विचारू? एका ठिकाणी माझ्या बिलातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला. पण २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, तो दिसतच नाही. विचारलं तर ‘आमच्या अकाउंटंटला विचारतो’ म्हणतात.

---

आकडेमोड | १८ सप्टेंबर, रात्री ११:०२

हे फार जणांचं होतं. कापला पण भरला नाही, किंवा भरला पण तुमचा पॅन चुकीचा टाकला, दोन्हींपैकी एक. त्यांच्याकडून फॉर्म १६ए, म्हणजे कर कापल्याचा दाखला, लेखी मागा, बँकेत किती रक्कम आली आणि बिल कितीचं होतं ते दोन्ही जपून ठेवा. कापलेला कर त्यांनी भरला नाही म्हणून तो पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही, कलम २०५ तेच सांगतं. पण ते सिद्ध करायची कटकट तुमच्या गळ्यात येते, म्हणून दर तिमाहीनंतर २६एएस बघायची सवय लावा. वर्षाच्या शेवटी एकदम बघितलं की उशीर झालेला असतो.

---

पानजुळणी | १९ सप्टेंबर, पहाटे ५:२०

आकडेमोड, उद्यम नोंदणी आज रात्रीच करते. इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही.

पण मनातलं सांगू? नोटीस, तक्रार, परिषद हे शब्द वाचूनच पोटात गोळा येतो. हे प्रकाशक वर्षाला मला चार पुस्तकं देतात. आमची पेठ लहान आहे, एकाकडे तक्रार केली की चौघांना कळतं. पैसे वसूल होतील आणि काम जाईल. पंचगंगा दादांचं इसाराचं पटलं. नव्या कामाला ते जमेलही. जुन्या नात्यात कसं आणू?

---

हर्णै_बंदर | १९ सप्टेंबर, दुपारी ४:१५

मी दापोली तालुक्यात राहून भाषांतर करतो, मुख्यतः सबटायटल्स आणि ॲपमधला मजकूर. मुंबईतली नोकरी २०१७ ला सोडून गावी आलो. माझी गिऱ्हाइकं बरीचशी परदेशातल्या एजन्सी. तिथे एक बरं असतं, पर्चेस ऑर्डरवरच तारीख असते, तीस किंवा पंचेचाळीस दिवस, आणि त्या दिवशी पैसे येतात. लाज, ओळख, चहा यांतलं काहीच मध्ये येत नाही. म्हणजे पद्धत असली की मागावं लागत नाही.

पण गावात राहून काम करण्याचं मोल वेगळ्याच ठिकाणी द्यावं लागतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या वाडीत एक पोफळ उभी राहिली नाही. खांब भाताच्या रोपांसारखे आडवे झालेले. आम्हाला वीज यायला सव्वीस दिवस लागले. माझ्याकडे एका मालिकेचे सहा भाग होते, मुदत ९ जूनची. फोनला रेंज नाही, कळवायचं कसं? चौथ्या दिवशी रस्त्यातली झाडं तोडत तोडत मोटरसायकलनं खेडपर्यंत गेलो, तिथे रेंज मिळाली. एजन्सीच्या बाईंनी मुदत वाढवली आणि घर शाबूत आहे का ते आधी विचारलं. ते मी विसरणार नाही. पण वीजच नव्हती, ते सहा भाग शेवटी दुसऱ्याला गेले, त्याचे पैसे गेले ते गेलेच. नोकरीत असतो तर त्या महिन्याचा पगार आला असता. त्यानंतर इन्व्हर्टर घेतला, दोन कंपन्यांची सिमं ठेवली आणि तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय दुसरं काहीही घ्यायचं नाही असं ठरवलं.

आता दोन वर्षांपासून नवं संकट आहे. ‘भाषांतर नको, यंत्रानं केलेलं तपासून द्या, दर निम्मा.’ निम्म्या दरात कामही निम्मं असतं तर तक्रार नव्हती. परवाचाच प्रसंग सांगतो. आई आणि मुलगा बोलतायत. पहिल्या ओळीत आई मुलाला ‘तू जेवलास का’ म्हणते, पुढच्या ओळीत ‘आपण कुठे होतात’, तिसऱ्या ओळीत तोच मुलगा ‘ती’ झालेला. प्रत्येक ओळ सुटी वाचली तर व्याकरण शुद्ध, म्हणून एजन्सीला वाटतं नव्वद टक्के काम झालंय. कोण कुणाला ‘तू’ म्हणतं, कुठल्या भांडणात ‘तू’वरून ‘तुम्ही’वर जातं, हे दृश्य बघितल्याशिवाय कळत नाही, आणि दृश्य बघायचे पैसे कुणी देत नाही. मी गेल्या महिन्यात एका एजन्सीला सरळ लिहिलं की या दरात करणार नाही, तासावर पैसे द्या. दहा ओळींचा नमुना जोडला, आधी काय होतं आणि नंतर काय केलं. त्यांनी मान्य केलं. दुसऱ्या एजन्सीनं उत्तरच दिलं नाही, तिथलं काम बंद झालं. हिशेब अजून जुळलेला नाही, पण रात्री झोप लागते.

---

लिंडनच्या_झाडाखाली | २० सप्टेंबर, रात्री १२:३०

बर्लिनहून लिहितेय, चित्रकार आहे, मूळची सांगलीची. इथे कलाकार आणि लेखकांसाठी क्युन्स्टलरझोत्सियालकासे नावाची व्यवस्था आहे, १९८३ पासूनची. आरोग्यविमा, निवृत्तीवेतन आणि वृद्धापकाळातली शुश्रूषा यांचा निम्मा हप्ता मी भरते. उरलेला निम्मा काही सरकार भरतं, आणि काही आमच्याकडून काम घेणाऱ्या कंपन्यांवर बसवलेल्या पट्टीतून येतो. म्हणजे जो प्रकाशक मला चित्राचे पैसे देतो तो माझ्या म्हातारपणासाठीही थोडे वेगळे भरतो. आत शिरायला कागदपत्रांचा डोंगर होता, पाच महिने लागले. पण त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो, की एकटं काम करणारा माणूसही कामगारच आहे.

---

तिठा | २० सप्टेंबर, सकाळी ११:००

थोडं वेगळं लिहितो, कुणाला नाउमेद करायचं नाही.

मी चार वर्षं स्वतंत्रपणे वेबसाइटी बनवल्या, ठाण्यात. काम चांगलं होतं, पैसेही नोकरीपेक्षा जास्त मिळायचे. २०२३ मध्ये परत नोकरी धरली. कारणं दोन.

पहिलं घर. बँकेनं तीन वर्षांची रिटर्न मागितली. मी दरवर्षी जमतील तेवढे खर्च दाखवून कर वाचवला होता, त्याचा अभिमानही होता. तोच कागद बँकेत आडवा आला. कागदावरच्या उत्पन्नावर जेवढं कर्ज बसत होतं त्यात कल्याणलाही वन-बीएचके येत नव्हता. माझ्याबरोबर शिकलेला, माझ्याहून कमी कमावणारा मित्र पगाराच्या तीन स्लिपांवर कर्ज घेऊन मोकळा झाला. ज्यांना पुढे घर घ्यायचंय त्यांनी हे आजच ध्यानात ठेवावं.

दुसरं कारण आई. तिला डायलिसिस सुरू झालं. तिचा वेगळा आरोग्यविमा काढायचा म्हटलं तर आधीपासूनच्या आजाराला थांबण्याचा काळ. कंपनीच्या सामूहिक विम्यात ती पहिल्या दिवसापासून आली. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही आणि सुचायला नकोच होतं.

स्थळं बघताना ‘मुलगा घरीच असतो’ म्हणून दोन ठिकाणांहून नकार आले होते, त्याचं दुःख तेव्हा झालं, आज नाही. पण सकाळी साडेआठची लोकल पकडताना रोज आठवतं की चार वर्षं माझ्या वेळेचा मालक मी होतो. आई बरी होईपर्यंत, घराचे हप्ते असेपर्यंत नोकरी करीन. मग बघू.

जे अजून स्वतंत्र काम करतायत त्यांना कळकळीनं सांगतो, निरोगी आहात तोवर स्वतःचा आणि आईवडिलांचा विमा काढा. सोमवारपासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटीही जातोय. पीएफ आपल्याला कुणी कापून देत नाही, तेव्हा पीपीएफ तरी भरा, वर्षाला दीड लाखाची मर्यादा आहे, भरता येतील तेवढे भरा.

---

उंबरठा | २० सप्टेंबर, दुपारी १२:१०

तिठा, आईंना लवकर आराम पडो. तुम्ही लिहिलंत म्हणून आज संध्याकाळी आम्ही दोघं विम्याचं बोलायला बसतोय.

---

पहिली_आवृत्ती | २१ सप्टेंबर, रात्री ९:४५

मी छोटा प्रकाशक आहे. वर्षाला बारा-पंधरा पुस्तकं आणि एक दिवाळी अंक काढतो. दुसरी बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो.

पुस्तक छापलं की पैसे गुंततात. विक्रेता पुस्तकं उधारीवर नेतो, चार-सहा महिन्यांनी हिशेब करतो, न खपलेल्या प्रती परत पाठवतो. ग्रंथालयांची खरेदी अनुदानावर, अनुदान आलं की ते घेतात. दिवाळी अंकाचं तर सगळं जाहिरातींवर. जाहिरात ऑक्टोबरमध्ये छापायची आणि पैसे फेब्रुवारीत यायचे. १९०९ पासून मराठीत दिवाळी अंक निघतायत आणि ही चणचण तेव्हापासूनचीच असावी. जुळणी करणाऱ्यांचे, चित्रकारांचे पैसे बुडवावेत असं आमच्यातल्या बहुतेकांच्या मनात नसतं. हाती आले की देतो. उशीर होतो हे खरं आहे.

---

पंचगंगा_काठ | २१ सप्टेंबर, रात्री १०:२०

साहेब, तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, त्याबद्दल आभार. एकच विचारतो. कागदवाल्याला थांबवता का?

---

पहिली_आवृत्ती | २२ सप्टेंबर, सकाळी ८:३०

तुमचा प्रश्न रात्रभर डोक्यात होता.

नाही, थांबवत नाही. कागदवाला रोख घेतो, नाहीतर रिम गाडीत चढवत नाही. बाइंडर निम्मे आधी घेतो. छापखान्याचा धनादेश मी पुस्तकं उचलतानाच देतो. थांबतात ते लेखक, चित्रकार, जुळणी करणारे आणि मुद्रितं तपासणारे. कारण ते थांबतात. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही म्हणून मी त्यांच्या पैशावर धंदा चालवला, व्याजाशिवाय. मी हे या शब्दांत स्वतःशीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं.

आज घट बसलेत. माझ्याकडे तीन जणांची बाकी आहे, एकाची जून महिन्यापासूनची. दसऱ्याच्या आत देतो. पानजुळणी ताई, मी तुमचा तो प्रकाशक नाही, पण सहज असू शकलो असतो. तुम्ही मागा. ज्याची नियत साफ आहे त्याला मागितल्याचा राग येत नाही, उलट कुणाचं आधी द्यायचं ते त्याला कळतं. जो बोलत नाही त्याचं बिल फायलीत खाली खाली जातं, दुसरं काही नसतं त्यात.

---

पानजुळणी | २२ सप्टेंबर, दुपारी २:५०

हे मी तीनदा वाचलं.

मला वाटायचं की मी मागत नाही हा माझा मोठेपणा आहे, नातं सांभाळतेय. खरं तर गेले आठ महिने त्यांचा फोन आला की माझं मन कडू व्हायचं. नवं पुस्तक पाठवलं तर ते मागे ठेवायची. म्हणजे न मागूनच नातं तुटायला आलं होतं. आज त्यांना लिहिते. फोन करत नाही, फोनवर मी पुन्हा पुस्तक कसं चाललंय तेच विचारीन.

---

हर्णै_बंदर | २२ सप्टेंबर, दुपारी ३:३०

लिहा. आणि पाठवून झालं की समुद्रावर, म्हणजे तुमच्याकडे सारसबागेत, एक चक्कर मारून या. उत्तराची वाट बघत बसू नका.

---

पानजुळणी | ३ ऑक्टोबर, रात्री ९:१५

काल दसरा झाला, एक अंक छपाईला गेला, दुसऱ्याचा शेवटचा फॉर्मा, म्हणजे पानांचा शेवटचा गठ्ठा, उद्या.

मेसेज २२ तारखेलाच पाठवला होता. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाले, ‘अगं, तुझं बाकी आहे हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं, आमच्या हिशेबनिसानं दिलं असं मी धरून चाललो होतो.’ खरं असेल. आवाजात राग नव्हता, थोडे ओशाळले होते. ३० तारखेला २०,००० जमा झाले. उरलेले १८,४०० दिवाळीच्या आधी देतो म्हणालेत. फोन ठेवण्याआधी नव्या पुस्तकाचं बोलले, २२४ पानं. मी म्हटलं, यापुढे काम सुरू करताना तीस टक्के, पहिलं प्रूफ देताना चाळीस आणि अंतिम फाइल देताना बाकी. हे म्हणताना माझा हात थरथरत होता. ते म्हणाले, ‘चालेल, तसं बिलावर लिहून पाठव.’ एवढंच.

उद्यम नोंदणी झाली, अर्ध्या तासात. बिलाचा नमुना बदलला, क्रमांक वर छापलाय.

सगळ्यांचे मनापासून आभार. पंचगंगा दादा, नव्या बिलात पहिल्या हप्त्यापुढे मी ‘इसार’च लिहिलंय.

---

उंबरठा | ३ ऑक्टोबर, रात्री ९:४०

ताई, किती बरं वाटलं. तो मेसेज जसाच्या तसा इथे टाकाल का? मला तीन ठिकाणी पाठवायचाय.

---

पानजुळणी | ३ ऑक्टोबर, रात्री ९:५५

टाकते. नाव आणि पुस्तक तेवढं गाळलंय.

‘नमस्कार सर. नवरात्राच्या शुभेच्छा. आपल्या पुस्तकाच्या ४८० पानांची जुळणी, मांडणी आणि दोन वाचनं मी १२ जानेवारीला पूर्ण करून दिली. त्याच दिवशी ३८,४०० रुपयांचं बिल पाठवलं होतं, ते पुन्हा सोबत जोडते. रक्कम अजून जमा झालेली नाही. एकदम शक्य नसेल तर दोन हप्त्यांत द्यावी, पहिला या महिनाअखेर आणि दुसरा दिवाळीआधी. कुठल्या तारखेला कराल तेवढं कळवावं. खात्याचा तपशील बिलावर आहे. आपलं पुस्तक जुळवताना मला फार आनंद झाला होता.’